रघुनाथराव कंपाउंडरांची मनाई

माझ्या पोटाची जेवढी खबर रघुनाथराव कंपाउंडरांना होती, तेवढी माझ्या बायकोलाही नव्हती. ग्वाल्हेरच्या किला गेटजवळच्या दवाखान्यात शिरलो की चारचौघांदेखत विचारायचे, "भालचंद्रपंत, आज किती वेळा? रक्त?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. संस्थानच्या फौजेत ते जखमा बांधणारे ड्रेसर होते. फौज विलीन झाली तेव्हा घरी बसले, मग डॉक्टरांकडे मिक्श्चर बनवायला लागले.

मला आतड्यांच्या व्रणांचं दुखणं. त्यात मधूनच गुडघे सुजायचे. मी अ‍ॅस्पिरिन घ्यायचो, आणि तीन-चार दिवसांत पोट बिघडून रक्त पडायचं. ही सांगड आधी रघुनाथरावांनी घातली. डॉक्टरांनाही पटलं. म्हणाले, "सगळ्यांचं होतं असं नाही, पण तुमचं होतंय. ती गोळी तुम्हाला बंद." मी मान डोलावली.

छप्पन साली नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमचं ऑफिसही निघालं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असा हुकूम. नेमके त्याच सुमारास गुडघे टम्म सुजले. रघुनाथराव म्हणाले, मिठाच्या पुरचुंडीने शेका आणि पडून राहा. पडून राहा म्हणे! फायली कोण बांधणार, यांचा काका? मी बाड्यावरच्या बाजारातून डोकेदुखीच्या पुड्या आणल्या आणि दोन दिवसांत सहा घेतल्या. बंदी गोळीला होती, पुडीला नव्हती. हे माझं शहाणपण.

बुधवारी सकाळी रक्त बघून माझी बायको शामला दवाखान्याकडे धावली. रघुनाथराव डॉक्टरांना घेऊन आले. उशाखालचा पुडीचा कागद उलगडून त्यांनी वाचला. "पंत, हिच्यातही तेच औषध आहे."

मी भडकलो. नोकरी जायची भीती होती, पण बाहेर पडला तो माज. "कंपाउंडर आहात, कंपाउंडरासारखे राहा," म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "चूक माझी. नुसतं गोळी नको म्हटलं. औषधाचं नाव पाठ करून घ्यायला हवं होतं."

डॉक्टरांनी चार दिवस अंथरुणावरून हलू दिलं नाही. रक्त थांबलं आणि रविवारी जायची परवानगी मिळाली. गाडीत बघतो तर रघुनाथराव शेजारी येऊन बसलेले, न बोलावता. मी भोपाळपर्यंत तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत राहिलो. सोमवारी त्यांनी मला ऑफिसात पोचवलं, हजेरी लागली, संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांना सगळी हकिकत सांगितली. मला खोलीवर सोडून "जरा येतो" म्हणून गेले ते दोन तासांनी आले, पिशवी उचलली आणि परतीच्या गाडीला निघाले. मी साधं 'या' सुद्धा म्हटलं नाही. कवडीमोलाचा माणूस होतो मी, दुसरं काय.

महिन्याने गुडघा पुन्हा ठणकायला लागला. शामला अजून ग्वाल्हेरलाच होती, विचारणारं कोणी नाही. लंगडत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, पुडी मागितली. दुकानदाराने मला खालवर न्याहाळलं.

"आप ही ग्वालियर वाले बाबू हैं न? आपको नहीं मिलेगी. आपके बड़े भाई मना कर गए हैं. आपको ख़ून गिरता है."

पुढच्या दुकानात गेलो, तिथेही तेच. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने तर मला स्टुलावर बसवलं. म्हणाला, "बेटा, वो हाथ जोड़कर कह गए थे."

मला मोठा भाऊ नाही. रघुनाथरावांची नि माझी जातही एक नव्हती. दोन तास तो माणूस दारोदार हिंडला होता, आणि मी इकडे गादीवर फुरंगटून पडलो होतो. भर रस्त्यात डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना.

खोलीवर आलो. मीठ तापवून गुडघ्याला बांधलं आणि पत्र लिहायला बसलो. घरच्या वडीलधाऱ्यांना लिहितात तसंच लिहिलं, "तीर्थरूप दादांस, भालचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार."

त्याखाली लिहिलं, "पुडी घेतली नाही."