तोंडाने दिलेला श्वास

मी लिहायला बसावं, हे धाडसच आहे, माफ करा. मेडिकल कॉलेजात आमचे सर थांबलेला श्वास परत आणण्यावर संशोधन करत. त्यांनी शिकवलेलं तोंडाने श्वास देणं सुट्टीत सोनपेठजवळच्या आमच्या गावी मी वडिलांना दाखवलं.

"फुगा फुगवायलायस का रं?" म्हणत ते हसले, पण शिकले.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाच्या त्या वर्षांत गाव आमच्या बौद्ध वस्तीशी बोलत नव्हतं.

पुढे मामा होस्टेलवर आले. म्हणाले, "पाटलाचं पोर विहिरीत पडलं. तुझ्या बापानं काढून तोंडानं श्वास दिला. छाती हलायली व्हती. पर 'बाटवायलाय' म्हणून लोकांनी त्याला मागं वढलं, अन् पाणी निघावं म्हणून पोराला उलटं धरून फिरवलं. गेलं पोर."