काकूंना वाचून दाखवलेला इस्टोनिया

इस्टोनिया नावाचा देश आहे हे मला पन्नाशीत, कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत कळलं. त्या देशातून सहा महिन्यांसाठी कामावर आलेल्या एका इंजिनियरने जाताना माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "आमचा इतिहास आहे," एवढंच म्हणाला. आत काही माहितीपट आणि एक लांबलचक मालिका. सगळं त्यांच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर एक माहितीपट लावला आणि हातातली बडीशेप हातातच राहिली. सोव्हिएत रशियाची सत्ता, रस्त्यावर रणगाडे, आणि एका मैदानावर लाखो माणसं उभी राहून नुसती गात होती. बंदी घातलेली गाणी! आख्ख्या देशाची वस्ती पुण्यापेक्षा कमी, आणि गात गात त्यांनी स्वातंत्र्य मिळवलं. मी सोफ्यावर उभा राहिलो. बायको म्हणाली, "खाली उतरा, स्प्रिंग आधीच गेलीय."

मालिका एकट्याने बघणं मला जमणार नव्हतं. मला प्रेक्षक लागतो. म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं. काकू रत्नागिरीकडच्या, कुवेतमध्ये आमच्या कितीतरी आधीपासून. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून खालची अक्षरं मी मराठीत मोठ्याने वाचायचो. वाचायचो कसला, सादर करायचो. सैनिकाला खर्जातला आवाज, सासूला नाकातला, शिवाय माझे स्वतःचे दोन-चार संवाद फुकट.

गोष्ट एका शेतकरणीची. पहाटे सैनिक येतात, तासाभरात सामान बांधा म्हणतात आणि पोरांसकट तिला मालगाडीत कोंबून सैबेरियाला पाठवतात. जाताना ती काय उचलते? शिवणयंत्र.

"शहाणी आहे," काकू म्हणाल्या. "कपडे शिवून पोरं जगवील."

आणि तिने जगवली! मी थक्क. काकू मात्र एकाच गोष्टीवर अडल्या होत्या. जिन्यात भेटल्या तरी विचारायच्या, "ही घरी पोचते ना रे?"

न राहवून मी शेवटचा भाग आधीच चोरून पाहिला. पोचते. पण घरात दुसरेच लोक राहत असतात. हे काकूंना सांगायचं नाही असं मी ठरवलं.

शेवटच्या भागाच्या शुक्रवारी पडद्यावर ती बाई फाटकातून आत आली, दार वाजवलं. अनोळखी बाईने दार उघडलं. मी आवाजात लोणी घालून म्हणालो, "ये ताई, तुझं घर जपून ठेवलंय!"

"थांबव ते," काकू म्हणाल्या. मी थांबवलं.

"खोटं वाचतोस, मेल्या."

"काकू, तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"इंग्रजी कशाला हवं? आपल्याच घराचं दार कोणी वाजवतं का?" मग म्हणाल्या, "मी वाजवलंय."

इराकने कुवेत घेतलं तेव्हा काका-काकू एका बॅगेनिशी जॉर्डनमार्गे मुंबईला गेले होते, एवढं मला माहीत होतं. पुढचं आज कळलं. युद्धानंतर परत आले तर फहाहीलमधल्या त्यांच्या फ्लॅटला दुसरेच पडदे. काका खाली टॅक्सीत बसून राहिले. काकू वर गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या दाराची बेल दाबली. चहात साखर किती, असं विचारावं तशा आवाजात त्या हे सांगत होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात याबद्दल एकदाही बोलल्या नव्हत्या.

"आता खरं काय बोलतात ते वाच."

मी तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावला. सोंग नाही, आवाज नाही.

"'कोण हवंय?' असं विचारतेय ती. आणि आपली म्हणते, 'कोणी नाही. जरा पाणी मिळेल का?'"

काकूंनी मान डोलावली. "बरोबर. मी म्हटलं होतं, मजला चुकला."

पडद्यावरच्या बाईने पाणी पिऊन पेला परत दिला आणि ती पायऱ्या उतरू लागली. खाली तिच्या मनातलं बोलणं उमटू लागलं.

"कुठे निघाली, वाच," काकू म्हणाल्या.

मी वाचू लागलो, हळूहळू, लिहिलं होतं तेवढंच.