आठ सेकंदांच्या जांभया

मी जांभया बघण्याचा पगार घेते. हे सांगितलं की लोक हसतात, पण माझ्या नोकरीचं याहून सरळ वर्णन मला करता येत नाही. इकडे आखातात, अल क्वोजमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात मी बसते. कामगारांना कॅम्पमधून साइटवर नेणाऱ्या आमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर एक कॅमेरा असतो. ड्रायव्हरने जांभई दिली, डोळे मिटले, फोन कानाला लावला किंवा सिगारेट ओढली असा संशय आला, की कॅमेरा आठ सेकंदांचा तुकडा कापून माझ्या कॉम्प्युटरवर पाठवतो. तुकड्याला आवाज नसतो. मी तो बघायचा आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यांतलं एक बटण दाबायचं. मशीनचा संशय खरा की खोटा हे ठरवायला अजून माणूस लागतो, म्हणून मी तिथे आहे.

पहिले काही आठवडे माझे फार हाल झाले. जांभई बघितली की जांभई येते. मी सकाळी आठला कॉम्प्युटर उघडायचे आणि दहापर्यंत माझा जबडा दुखायला लागायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं. आधीच आम्ही राहतो त्या इंटरनॅशनल सिटीतून आम्ही चौघी एका गाडीने यायचो. पहिल्या सिग्नलला मागची जांभई द्यायची, मग तिच्या शेजारची, मग मी. गाडी चालवणारी चिडायची. “अरे बस करो यार, मेरेको भी आ रहा है,” म्हणायची, आणि द्यायचीच.

जांभई का येते, हे मला कामापुरतं तरी कळावं असं वाटायला लागलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की शरीरातला ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते. सातवीतल्या माझ्या मुलीला विचारलं, तर तिने मोबाईलवरून मान न उचलता सांगितलं, “ममा, दॅट्स रॉंग. मेबी इट कूल्स द ब्रेन. नोबडी रिअली नोज.” मी इकडेतिकडे वाचलं, आणि मुलगी बरोबर होती याचा थोडा रागच आला. ऑक्सिजनचं कारण आता कुणी धरून बसत नाही. मेंदू थंड करायला म्हणतात, सुस्तावलेल्याला जागं करायला म्हणतात. पण आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं. ते कशासाठी जागं होतं, हे कुणी सांगत नाही. आमच्या गॅरेजमध्ये बसच्या चाकाला टेकून एक मांजर झोपते. दिवसभर तिला काही काम नाही, तरी तिच्याइतकी मोठी जांभई मी कुणाची पाहिलेली नाही. वसईला आमचा कुत्रा होता, तो तर डॉक्टरच्या टेबलावर सुई दिसली की जांभया द्यायचा. बाबा म्हणायचे, घाबरलाय बिचारा. म्हणजे कंटाळा, झोप, भीती, सगळ्याला एकच तोंड.

पुढे सवय झाली. मी जांभई बघायचे आणि मला काही व्हायचं नाही. याच सवयीने घोळ घातला.

कॉम्प्युटरवर तुकड्यांची यादी येते, तेव्हा प्रत्येक तुकड्याचं एक स्थिर चित्र दिसतं. खाली मशीनचा संशय लिहिलेला असतो. चित्रावरूनच अंदाज येतो, मग कोण आठ-आठ सेकंद बघत बसणार? मी चित्र बघून बटण दाबायला लागले. बहुतेक वेळा बरोबरच निघायचं, त्यामुळे मला मी हुशार वाटायला लागले होते.

आमच्याकडे संगमेश्वरकडचा एक ड्रायव्हर होता. वय चोपन्न, या कंपनीत वीस वर्षं. पहाटे पावणेपाचला बस भरायचा आणि चाळीस गवंडी-सुतार घेऊन साइटवर जायचा. एका महिन्यात त्याचे दोन तुकडे आले, दोन्हीच्या खाली ‘सिगारेट’. चित्रात त्याचा हात ओठांपाशी, अंगठा आणि मधलं बोट जुळलेलं. बिडी धरतात तसं. मी दोन्हींवर ‘बरोबर’ दाबलं. कंपनीचा नियम असा, की महिन्यात तीन वेळा सिगारेट ‘बरोबर’ ठरली की बस काढून घ्यायची आणि माणसाला घरी पाठवायचं. तिसरा तुकडा एका सोमवारी आला. मी बटणावर बोट ठेवलं होतं, तेवढ्यात दाराशी तो स्वतः उभा राहिला. दुसऱ्या वॉर्निंगचा कागद त्याच्या हातात होता.

“मॅडम, हे कायतरी चुकलंय,” तो म्हणाला. “मी बिडी वडत नाय. कधीच वडली नाय. बसमधल्या कुणालाबी विचारा.”

सगळे असंच म्हणतात, असं मी म्हणणार होते. पण माणूस समोर उभा असताना ‘बरोबर’ दाबायला हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती. म्हणून केवळ त्याला दाखवायला मी तुकडा चालू केला आणि पहिल्यांदाच पूर्ण बघितला. पहिले तीन सेकंद तो नुसता रस्त्याकडे बघत होता. मग त्याने मोठी जांभई दिली. जांभई पुरी उघडली तसा त्याचा उजवा हात वर आला, अंगठा आणि मधलं बोट जुळलं, सुटलं, पुन्हा जुळलं. दोनदा. मग हात स्टिअरिंगवर.

“चुटकी वाजवताय तुम्ही,” मी म्हणाले.

“व्हय मग,” तो म्हणाला. “जांभई आली की वाजवायला नको? तोंड उघडं असतं. आमची आय म्हणायची, चुटकी वाजवली नाय तर आयुष्य निघून जातं.”

आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरात जांभई आली की अंगठ्याने तोंडावर क्रूस काढतात. पण शाळेत माझ्या बाकावरची मुलगी रोज तिसऱ्या तासाला चुटक्या वाजवायची आणि बाईंचा ओरडा खायची. ही गोष्ट मला माहीत होती. सगळ्या ऑफिसात ती माहीत असलेली मी एकटी होते, आणि मीच दोनदा बटण दाबलं होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी तसंच सरळ मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर जॉर्डनचा. वाईट माणूस नाही, पण त्याला ‘खलास’ म्हणायची फार घाई असते. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, “दोन वेळा ‘बरोबर’ कुणी दाबलं?”

“मी.”

त्याने माझ्या कामाची नोंद उघडली. कॉम्प्युटर माझ्यावरही लक्ष ठेवून होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिला तुकडा, बघितला एक सेकंद. दुसरा तुकडा, एक सेकंद. मॅनेजरने त्या आकड्यांवर नुसतं बोट ठेवून दाखवलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

“पण हे बोटांचं, हबीबी,” तो म्हणाला, “हे मी कसं मानायचं? उद्या प्रत्येक जण सांगेल, सिगारेट नव्हती, आमच्या गावची पद्धत होती. शो मी.”

मी ड्रायव्हरला आत बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. मॅनेजर म्हणाला, “यल्ला, आता जांभई दे.”

आता मागितली म्हणून कधी जांभई येते का? त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मशीनलासुद्धा ती जांभई वाटली नसती. हातही हलला नाही. शेवटी मला एक सुचलं. मी सकाळच्या साऱ्या जांभया मोठ्या स्क्रीनवर लावल्या, एकामागून एक. पेशावरचा ड्रायव्हर दात आवळून जांभई गिळतो, ती. नेपाळचा ड्रायव्हर डोळे घट्ट मिटतो, ती. केरळचा एक जण जांभईच्या शेवटी मान झटकतो, ती. आम्ही तिघं ओळीने बसून बघत होतो.

पाचव्या जांभईला मला आली. माझा अंगठा ओठांवर गेला आणि क्रूस काढून खाली आला. मॅनेजरने ते बघितलं. ड्रायव्हर मात्र दगडासारखा बसलेला. मला आमचा कुत्रा आठवला, भीतीने जांभया देणारा. माणसाचं तसं नसावं. त्याच्या गालावर घामाची धार उतरत होती आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. चोपन्नाव्या वर्षी या देशात कोण नवा व्हिसा देणार होतं त्याला? जी गोष्ट तो रोज दहादा करत होता, ती एकदा करून दाखवली की नोकरी वाचत होती, आणि तीच काही केल्या होत नव्हती. मला त्याच्यापेक्षा जास्त रडू यायला लागलं होतं.

बाराव्या की तेराव्या तुकड्याला मॅनेजरने घड्याळ बघितलं. “ओके, खलास,” म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून शब्दाऐवजी जांभई निघाली. चांगली लांब, डोळ्यांत पाणी आणणारी. त्याचा डावा हात तोंडाकडे निघाला होता, पण त्याच्या आधी ड्रायव्हरचा हात पोहोचला. टेबलावरून पुढे वाकून त्याने मॅनेजरच्या तोंडासमोर दोनदा चुटकी वाजवली. टक, टक. तान्ह्या बाळाला जांभई आली की आई वाजवते, तशी.

मग आपण काय केलं ते त्याला कळलं. तो उठूनच उभा राहिला. “सॉरी साब, सॉरी. आदत है. घर में छोटी नातीन है, फोन पे उसको बजाता हूँ.”

मॅनेजर तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. “फॉर मी? व्हाय?” त्याने विचारलं.

मला हे इंग्रजीत नीट सांगता येईना. मी म्हणाले, “सो दॅट यू लिव्ह लॉंग, सर.”

तो हसला नाही. त्याने तिन्ही तुकडे माझ्यासमोर ‘चूक’ केले. मला वॉर्निंगचं पत्र मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. ड्रायव्हरची बस राहिली. पण एका कागदावर त्यालाही सही करावी लागली: गाडी चालताना दोन्ही हात स्टिअरिंगवर, चुटकी बंद. मशीनला समजावता येत नाही, आणि पुढच्या वेळी बटणावर दुसरं कुणी बसलेलं असेल, असं मॅनेजर म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. सही करताना ड्रायव्हरने मला विचारलं, “मग जांभई आली तर काय करायचं, ताई?” मॅडमची ताई झाले होते. मी म्हणाले, द्यायची नुसती. त्याने कागद परत दिला. जाताना त्याचा चेहरा नोकरी वाचलेल्या माणसासारखा नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा आठ सेकंद बघते. काम संपत नाही, गाडीवाल्या तिघी खाली हॉर्न वाजवतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात.

महिनाभराने त्याच्या बसचा एक तुकडा आला. खाली मशीनने लिहिलं होतं, ‘प्रवाशाचा अडथळा’. हे नवीनच होतं. मी तो चालू केला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, अगदी कागदात लिहिलं होतं तसे. त्याने जांभई दिली. त्याबरोबर मागच्या सीटवरून एक हात त्याच्या खांद्यावरून पुढे आला. बाहीला वाळलेलं सिमेंट, नखांत सिमेंट. हाताने त्याच्या तोंडासमोर दोनदा चुटकी वाजवली आणि मागे गेला. ड्रायव्हरने नजरसुद्धा वळवली नाही.

नियमाने तो अडथळाच होता. मी ‘बरोबर’ही दाबलं नाही आणि ‘चूक’ही नाही, आधी त्याला फोन लावला. तो दुपारी साइटबाहेर बस उभी करून जेवत होता.

“तो मागचा कोण आहे?” मी विचारलं.

“आमच्याच तालुक्यातला गवंडी आहे,” तो घाबरून म्हणाला. “मी सांगितलं नव्हतं, ताई. देवाशपथ. मी नुसतं बसमध्ये बोललो, की मला आता वाजवायची बंदी झाली. दुसऱ्या दिवसापासून तो तिथेच बसतो.”

“त्याला सांगा, तोंडासमोर नको. कॅमेऱ्याला दिसतं. कानामागे वाजव म्हणावं.”

“कानामागं चालतं व्हय?”

“चालतं,” मी म्हणाले. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याने डबा बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “वीस वर्षं हिकडं माझी मीच वाजवत होतो, ताई.”

मी फोन ठेवला आणि ‘चूक’ दाबलं.