म्हातारीची गरम अंघोळ

मास्तरांचं उभं आयुष्य कापड बेतण्यात गेलं. डोळे अधू झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा दुकानाला कुलूप घालून ते बायकोच्या तबेल्यात येऊन बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. तबेला सासऱ्यांचा, घोडे बायकोचे, घोडेस्वारी शिकायला येणारी माणसं तिचीच. मास्तर खोगिरांचे उसवलेले पट्टे शिवायचे आणि घोडा दिसला की भिंतीच्या कडेकडेने जायचे.

त्या थंडीत बायको ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा उजवा खांदा निखळला. हात गळ्यात आला. घोडे धुवायला गरम पाण्याच्या बादल्या उचलणं बंद. धाकट्या मेहुण्याने लगेच एक खोकं पाठवलं आणि वर फोन केला.

"दाजी, गॅसचा गिझर आहे. खांबाला टांगा, नळाची नळी लावा, सिलिंडर लावा, दोन सेल घाला. पुढे शॉवर आहेच. पोराटोरांचं काम!"

मास्तरांनी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. "अरे, पण पाणी साठवायचं कुठे? टाकीच नाही पाठवलीस."

"टाकी नसतेच दाजी. पाणी जाता जाता तापतं."

जाता जाता तापतं? मास्तरांना शंका आली की मेहुणा थट्टा करतोय.

सकाळी त्यांनी सगळं जोडलं. बायको अंगणावरच्या खिडकीत बसून बघत होती. नळ सोडला, शॉवरमधून पाणी आलं, पण बर्फासारखं. सेल काढून पुन्हा घातले. सिलिंडर हलवून पाहिला. मग डब्याच्या बुडाशी निळी आणि लाल खूण दिसली. थंड पाण्याची नळी लालला लावली होती! डाव्या खांद्याला उजवी बाही जोडावी तसा प्रकार. मास्तर मनातल्या मनात ओशाळले.

नळ्या बदलल्यावर आत टकटक झाली आणि भप्पकन जाळ लागला. नीट बघावं म्हणून मास्तरांनी शॉवरचं बटण बंद केलं आणि डब्यापाशी गेले. जाळ गायब. परत येऊन शॉवर सोडला, भप्प. बघायला गेले, गायब.

"अहो, काय शिवणापाणी चाललंय?" खिडकीतून आवाज आला.

"अगं, मी गेलो की विझतंय!"

"तुम्ही नाही हो, पाणी! पाणी थांबलं की ते विझणारच!"

ते पटलं. पण पाणी जरा कढत वाटलं म्हणून मास्तरांनी नळ बारीक केला, तर हात पोळला. मोठा केला, तर कोमट झालं. कमी केलं की जास्त तापतं, जास्त सोडलं की निवतं. हा कुठला हिशेब? त्यांनी डोकं चालवणं सोडून दिलं आणि मनगटावर धार घेत, अंदाजाने नळ बेतला.

दोन शांत घोडे धुऊन झाले. राहिली ती करडी म्हातारी घोडी. ती बायकोशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि हे बायको येईल त्याला कौतुकाने सांगायची.

"तिला राहू द्या," बायको म्हणाली. "मी बरी झाले की बघेन."

पण म्हातारी चिखलात लोळून आली होती. पोटाखालचा चिखल वाळून कातडीला चिकटला होता. मास्तरांनी लांबूनच तिच्या पुढच्या खुरावर धार सोडली. तिने कान मागे पाडले. मास्तर दोन पावलं मागे. मग तिचे कान सैलावले. मास्तर एकेक पाऊल जवळ सरकले, तशी धार गुडघ्यावर आली, खांद्यावर आली. म्हातारीने मान खाली घातली, खालचा ओठ लोंबला आणि ती हळूच मास्तरांच्या अंगावर रेलली. मास्तरांना श्वास घ्यावा की नाही ते कळेना.

त्यांनी मोठ्या आनंदाने वर पाहिलं. खिडकीत कुणीच नव्हतं.

जेवताना बायको मास्तरांकडे बघेना.

"खांदा दुखतोय का?"

"नाही."

"मग माझं काही चुकलं?"

"नाही हो." तिने डाव्या हाताने घास उगाच चिवडला. "चिखल निघाला, बरंच झालं. पण मला राग आलाय. तुमचा आलाय, तिचा आलाय की त्या डबड्याचा, ते मात्र कळत नाही."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला. "ती पाण्यासाठी उभी राहिली गं. मी कोण?"

"तेच तर," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं माझ्यापाशी उभी राहायची ती कशासाठी?"

शिलाईच्या दुकानात असला प्रश्न कधी आला नव्हता. मास्तरांनी तिच्या ताटातली पोळी मोडून लहान तुकडे करून दिले. तिने ते खाल्ले.

पुढच्या अंघोळीला बायको खाली आली. "द्या इकडे," म्हणत तिने डाव्या हातात शॉवर घेतला. मास्तर नळापाशी उभे राहिले.

"गरम होतंय."

त्यांनी नळ बारीक केला.

"अहो, उलटं! मोठा करा!"

"हो, हो, मोठा."

म्हातारीने दोघांपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. ती डोळे मिटून वाफेत उभी राहिली. बायको तिच्या मानेवर धार धरून काहीतरी पुटपुटत होती. मास्तरांना शब्द ऐकू आले नाहीत, आणि ते घोडीला होते की आपल्याला, हेही कळलं नाही. ते नळावर हात ठेवून, पुढच्या हुकमाची वाट बघत राहिले.