रिकामी पाकिटे

रुग्णालयाच्या तळघरात जुन्या फायली लावणारा हा माणूस तिथे कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पण देशोदेशी विखुरलेली पंचवीसेक माणसे, ज्यांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते, त्याला 'कात्री' म्हणून ओळखत. ही मंडळी मिळून एक सॉफ्टवेअर फुकट सांभाळत. ते वापरून कुणी निरोप धाडला, तर तो तीन अनोळखी संगणकांच्या हातांतून फिरत जाई आणि धाडणाऱ्याचा माग लागत नसे. त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येई. सुधारणाऱ्यांनी मात्र एकमेकांची खरी नावे विचारायची नाहीत, असा तिथला रिवाज होता.

कात्रीचे काम झाडलोटीचे. दहा वर्षांत दहा हातांनी लिहिलेल्या कोडमध्ये तीच गोष्ट तीन ठिकाणी असली की ती एका ठिकाणी आणायची, अडगळ काढायची, आणि वापरणाऱ्याला मात्र काही बदलल्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाला हे मानवले. चार वर्षांत त्याने जेवढे लिहिले त्याहून अधिक कापले, म्हणून हे टोपणनाव. आता त्याला राखणदार करायचे घाटत होते. राखणदाराच्या होकाराशिवाय एक ओळही आत जात नसे. बावन्न वर्षांत त्याच्या होकारावाचून कुणाचे काही अडले नव्हते. ही बातमी त्याने ताईला दोनदा सांगितली.

ताई त्याची थोरली बहीण. दोघेच घरात. दुपारी ती मागच्या खोलीत बसून, घरी मार खाणाऱ्या बायकांच्या निरोपांना उत्तरे देई. त्या याच सॉफ्टवेअरमधून तिच्याशी बोलत, म्हणून ते तिच्या संगणकावर दिवसभर चालू असे.

एका रविवारी सकाळी चपला घालता घालता ती दाराजवळच्या इंटरनेटच्या डब्याकडे बघून म्हणाली, "तुझा हा डबा हल्ली शहाणा झालाय हं."

"म्हणजे?"

"पूर्वी दिवसभर डोळे मिचकावायचा मेला. आता मी कुणाशी बोलत असले तरच लुकलुकतो. एरवी गपगार."

"कधीपासून?"

"तू ती मोठी साफसफाई केलीस ना, तेव्हापासून असेल. अरे, तोंड का उतरलं तुझं? डब्याचं कौतुक केलं मी, तुला नावं नाही ठेवली."

कुणी बोलत नसतानाही ते सॉफ्टवेअर मुद्दाम निरोपांसारखीच दिसणारी रिकामी पाकिटे पाठवत राही. त्यामुळे खरे बोलणे कधी चालू आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला ओळखता येत नसे. चार महिन्यांपूर्वी त्याने पाकिटे पाठवणारे दोन सारखे दिसणारे भाग एकत्र केले होते. पाकिटात काही नसेल तर पाठवू नये, ही एका भागातली रास्त अट तेव्हा दोन्हींना लागू झाली. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कारण निरोप वेळेवर पोचत होते. न पोचलेल्या रिकाम्या पाकिटांची तक्रार कोण करणार?

"त्या बायकांच्या घरीही दाराजवळ असाच डबा असेल," तो म्हणाला.

ताईचा पाय चपलेतच थांबला.

"नवऱ्याला संगणकातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. बाहेर खुर्ची टाकून दिवा बघत बसायचं. लुकलुकला की समजायचं, आत ही कुणाशी तरी बोलतेय."

दुरुस्ती सहा ओळींची. दुपारपर्यंत झालीही. सोमवारच्या झाडलोटीत या सहा ओळी 'किरकोळ मांडणी' म्हणून घुसडता आल्या असत्या. कुणाला संशय आला नसता आणि राखणदारकीही कुठे गेली नसती.

"ताई, तुझ्या बायका नवी आवृत्ती कधी घेतात?"

"मी आजच घ्या म्हटलं तर आज. नाहीतर वर्षभर बघत नाहीत. त्यांना काय तेवढाच उद्योग आहे?"

"मग सांगावं लागेल. सगळ्यांना. माझ्या नावानिशी."

"तुझं नाव कुणाला माहितीये तिथं?"

"कात्री तर माहितीये."

आधी त्याने दोन्ही जुन्या राखणदारांना गुपचूप कळवले. नवी आवृत्ती तयार झाल्यावर बुधवारी संध्याकाळी जाहीर निवेदन लिहायला बसला. पहिला मजकूर तीन पाने झाला, त्यात कारणेच फार होती. कापत कापत एवढेच उरले: 'चार महिने रिकामी पाकिटे जात नव्हती. कुणी केव्हा बोलत होते हे बाहेरून कळू शकत होते. नवी आवृत्ती आजच घ्या. तो बदल माझा होता. कात्री.'

एकाने लिहिले, "झाडता झाडता भिंतच पाडलीस की!" दुसऱ्याने त्याला सुनावले, "आपण सगळ्यांनी तपासून मान डोलावली होती, विसरलास का?" ज्याने तो भाग मुळात लिहिला होता, त्या 'घुबड' नावाच्या म्हाताऱ्याचे उत्तर सर्वांत शेवटी आले. "त्या ओळी कशासाठी आहेत याची टीप मी कधीच लिहिली नाही. अर्धी चूक माझी." महिन्याच्या बैठकीत राखणदारकीचा विषय निघाला नाही. कात्रीनेही काढला नाही.

ताईच्या नऊ जणींपैकी आठ जणींनी दोन दिवसांत नवी आवृत्ती घेतली. नववीचे उत्तर नव्हते. रोज घरी आल्यावर तो चपला काढायच्या आधी विचारी, "नववी?"

"नाही अजून."

बाराव्या दिवशी ताई स्वतःच दारात आली. "आलं तिचं. माहेरी होती. फोन नवऱ्यानं ठेवून घेतला होता."

"दिव्यावरून?"

"तिला ठाऊक नाही. मी तरी कसं सांगू?"

त्याने आत जाऊन त्या सहा ओळींच्या वर टीप लिहिली: 'ही पाकिटे रिकामीच जायची आहेत. काढू नका.' सोबत रिकाम्या पाकिटांची तासभर वाट बघणारी टेस्टही जोडली. तिच्या संथपणाबद्दल बाकीचे अजून कुरकुरतात.

सकाळी बाहेर पडताना ताई डब्याकडे बघते. "लुकलुकतोय हं," म्हणते.

"बरं," तो म्हणतो आणि कामावर जातो.