बुडाची फांदी

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत सुलाबाईइतकी भोळी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. माहेर कळवणकडचं, नवरा केंद्रात कामाला. शेजारच्या विमलाबाईंना ती वहिनी म्हणे आणि थोरल्या जावेसारखा मान देई. चौऱ्याण्णव साली वहिनींना टायफॉईड झाला, तेव्हा एकवीस दिवस हिनंच त्यांना पेज भरवली. बऱ्या झाल्यावर वहिनी म्हणाल्या, काय हवं ते माग. बाईनं मागून मागावं काय, तर त्यांच्या दारच्या केशरी गुलाबाची एक फांदी!

त्या गुलाबाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वास तीन घरं ओलांडून जाई. वहिनींनी उकिडवं बसून अगदी बुडाजवळची फांदी कापून दिली. चांगली जोमदार निवडून दिली, म्हणून सुलाबाईला भरून आलं.

फांदी जगली, फोफावली. पण फुलं आली ती फिक्कट गुलाबी, बटणाएवढी, बिनवासाची. सुलाबाईनं शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, झाडाची दृष्टसुद्धा काढली. शेवटी तिनं स्वतःलाच बोल लावला. माझ्या हाताला गुणच नाही, असं ती दर वर्षी वहिनींना सांगे. वहिनी म्हणत, असतो एकेकीचा हात.

नवव्या वर्षी नाशिकच्या फुलांच्या प्रदर्शनात ती एक फुललेला तुरा घेऊन गेली. निदान नाव तरी कळावं. पंचवटीच्या हिरामण माळ्यानं तो एकदाच उलटसुलट पाहिला.

"हा नुसता खुंट आहे, बाई, खालचा जंगली गुलाब. चांगल्या गुलाबाचा डोळा यावर भरून कलम करतात. बुडातून खुंटाला फुटवा आला की कापून फेकायचा, नाहीतर वरचं कलम मरतं."

दर रविवारी वहिनी कात्रीनं बुडाचे फुटवे कापून कुंपणापलीकडे फेकत, हे सुलाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वाटे, साफसफाई चालली आहे.

संध्याकाळी वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "काय गं, कळलं का नाव?"

"कळलं. तुमाला तर आधीच म्हाईत व्हतं."

वहिनी म्हणाल्या, वरची फांदी द्यायला जीव होईना गं, माझा गुलाब वसाहतभर झाला असता.

"मंग नाय म्हनायचं व्हतं," सुलाबाई म्हणाली. "नऊ वर्सं मी माझ्या हाताला नावं ठेवली, वहिनी. अन् तुमी ऐकून घेतलं."