कूलरखालचं पाणी
कूलरमध्ये नवा वाळा भरला, की त्या ओल्या वासाने मला मैत्रिणीचं धरमपेठेतलं घर आठवतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघी वस्तीतले पक्षी नोंदवत होतो. ऊन आणि पाण्यानुसार ते कुठे जातात, हे पाहायचं होतं. पण मे महिन्यातल्या त्या दिवशी गल्लोगल्ली हिंडूनही कावळ्यांशिवाय काही दिसेना. “विषयच बदलू,” मैत्रीण वैतागून म्हणाली. दुपारी तिच्या घरी जरा टेकलो, तोच तिच्या आईने कूलर बंद केला. काकूंना उन्हाचा फार त्रास. एरवी त्या कूलरला कुणाला हात लावू देत नसत. “आई, काहून बंद केला?” “हळू बोल वं. आवाजानं पाखरू भिऊन राहिलं.” खिडकीखाली कूलरचं पाणी ठिबकून डबकं साचलं होतं. थोड्या वेळाने आंब्यावरून लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक खाली उतरला आणि अंग भिजवून पंख झटकू लागला. घामाने निथळत आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. काकूंचा चेहरा लालबुंद झाला, तरी पाखरू उडून जाईपर्यंत त्यांनी बटणाकडे हात नेला नाही. आम्ही विषय बदलला नाही. पुढे चांगल्या दुर्बिणीतून पुष्कळ पक्षी पाहिले. पण काकूंसारखं शेजारी बसून पाहणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.